टोळधाडीचे मूळ शोधणारे कीटकशास्त्रज्ञ : बोरिस उवारोव्ह



२०२० च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा विदर्भातल्या वाचकांना चांगला आठवत असेल. मध्य प्रदेशातून टोळांचे थवे अमरावती जिल्ह्यात मोर्शी भागात उतरले. तिथून ते वर्धा, नागपूर आणि पुढे भंडाऱ्याकडे सरकले. लोकांनी थाळ्या, डबे वाजवले, बांधावर धूर केला. रात्री झाडांवर विसावलेल्या थव्यांवर अग्निशामक बंब लावून फवारणी झाली. त्या दिवसांत मला येणाऱ्या बहुतेक फोनवर दोनच प्रश्न असायचे. हे मारायचे कशाने, आणि एवढे आले तरी कुठून?

पहिल्या प्रश्नावर आपल्या संकेतस्थळावर आधी लिहिले आहे. दुसऱ्याचे उत्तर आज आपल्याला माहीत आहे, ते ज्यांच्यामुळे त्या माणसाची ही ओळख. रशियात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये राहून अर्ध्या जगाचा टोळ-नकाशा तयार करणाऱ्या बोरिस पेत्रोविच उवारोव्ह यांची.

उवारोव्ह यांचा जन्म १८८६ चा, उराल नदीकाठच्या उराल्स्क गावातला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज कझाकस्तानात आहे. भोवती गवताळ माळरान, झाड विरळच. वडील सरकारी बँकेत नोकरीला होते. लहानपणी घरात आलेले ब्रेम यांचे प्राणिजीवनावरचे ग्रंथ मुलाने वाचून काढले आणि माळावरचे किडे गोळा करायला सुरुवात केली. सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठातून ते १९१० मध्ये पदवीधर झाले. पहिली नोकरी मध्य आशियात, मुर्गाब नदीखोऱ्यातल्या सरकारी कापूस मळ्यावर मिळाली. म्हणजे सुरुवात तुमच्या-माझ्या ओळखीच्या पिकापासूनच झाली.

पण खरे शिक्षण झाले ते पुढे, उत्तर कॉकेशसमधल्या स्तावरोपोल प्रांतात. तिथल्या कीटकशास्त्र कार्यालयाची जबाबदारी या तरुणावर आली आणि टोळांशी गाठ पडली.

तिथला टोळ आणि आपल्याकडे येणारा टोळ एक नव्हेत, हे आधी सांगून ठेवतो. आपल्याकडे येतो तो वाळवंटी टोळ. कॉकेशसमध्ये त्रास होता तो स्थलांतरी टोळाचा. कॅस्पियन समुद्राला मिळणाऱ्या नद्यांच्या मुखाशी लव्हाळ्यांची प्रचंड बेटे असतात. त्या ओल्या, वाळूमिश्रित जमिनीत हा टोळ अंडी घालतो आणि तिथून थवे गव्हाच्या शेतांवर येतात. त्या काळचे उपाय म्हणजे अंडी खणून काढणे, पिल्लांना हाकत चरात लोटून पुरणे आणि आर्सेनिकयुक्त विष फवारणे. माणसे राबायची, विष संपायचे, आणि दोन-चार वर्षांनी थवे आपोआप नाहीसे व्हायचे. मग काही वर्षे शांतता, आणि पुन्हा धाड. मधल्या वर्षांत हे टोळ जातात कुठे, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. काहींनी परोपजीवी किडींना श्रेय दिले, काहींनी सूर्यावरच्या डागांशी संबंध जोडून पाहिला.

याच भागात टोळासारखाच दिसणारा आणखी एक कीटक मिळायचा. तो एकटा-दुकटा राही, थवा करत नसे, पिकाचे फारसे नुकसान करत नसे. शास्त्रज्ञांच्या यादीत या दोघांना वेगळी नावे होती आणि ती खुद्द लिनियस यांनी दिलेली. थव्याने येणारा मायग्रेटोरिया, एकटा राहणारा डॅनिका. फरक नुसत्या डोळ्यांनीही दिसे. डोक्यामागच्या ढालीसारख्या कवचाला डॅनिकामध्ये वर कणा उठलेला असतो, तर मायग्रेटोरियामध्ये ते कवच खोगिरासारखे मधोमध खोलगट असते. रंग वेगळे, पिल्लांच्या सवयी वेगळ्या. दोन जाती मानायला कुणाचीच हरकत नव्हती.

उवारोव्ह यांची अडचण अशी झाली की शेतातून गोळा केलेले सगळेच नमुने या दोन कप्प्यांत बसेनात. काही टोळ धड इकडचे ना धड तिकडचे, दोन्हींच्या मधलेच निघत. प्रयोगशाळेत बसून पेट्यांमधले सुकलेले कीटक पाहणाऱ्याला हे नमुने अपवाद वाटले असते. पण ज्याने टोळधाड चढताना आणि ओसरतानाही पाहिली आहे, त्याला ते प्रश्नाचे टोक वाटले. विस्तार कार्यात असलेल्या माझ्या मित्रांनी हे जरूर लक्षात घ्यावे. हा शोध लागला तो सलग काही हंगाम एकाच भागात फिरून.

उत्तर मिळायच्या आधीच काळ बदलला. पहिले महायुद्ध सुरू झाले. १९१५ च्या सुमारास उवारोव्ह जॉर्जियातल्या तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला, पीक संरक्षणाचे काम उभे करायला गेले. मग रशियात क्रांती झाली, साम्राज्य मोडले, यादवी पेटली. जॉर्जिया काही काळ स्वतंत्र देश झाला. उवारोव्ह तिथल्या संग्रहालयात काम करत आणि विद्यापीठात शिकवत. महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्य त्या भागात आले आणि त्या निमित्ताने त्यांचे नाव लंडनपर्यंत पोहोचले. तिथल्या इंपीरियल ब्युरो ऑफ एंटोमॉलॉजीचे प्रमुख गाय मार्शल यांनी त्यांना बोलावून घेतले. १९२० मध्ये उवारोव्ह लंडनला पोहोचले. पुढच्याच वर्षी जॉर्जियात सोव्हिएत सत्ता आली.

ब्युरोमधले काम होते वसाहतींतून येणारे कीटक ओळखून देण्याचे. कंटाळवाणे म्हणा हवे तर. पण ते करता करता १९२१ मध्ये त्यांनी स्थलांतरी टोळाच्या वर्गीकरणावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मांडले की मायग्रेटोरिया आणि डॅनिका या दोन जाती नाहीतच. एकाच जातीच्या या दोन अवस्था आहेत. टोळ विरळ असतील तर पुढची पिढी एकट्याने राहणारी होते, दाटी झाली तर तीच जात थव्याची होते. रंग, शरीराची ठेवण, वागणूक, सगळे बदलते. आणि दाटी मोडली की गाडी उलटही फिरते. धाडीच्या मधल्या वर्षांत टोळ कुठेच जात नसतात. ते आपल्या डोळ्यांसमोर, साध्या नाकतोड्याच्या रूपात वावरत असतात.

हे ऐकायला विचित्र वाटत असेल तर मधमाशीचे उदाहरण घ्या. एकाच प्रकारच्या अंड्यातून, अळीला मिळालेल्या खाद्यावरून, राणी तरी होते किंवा कामकरी माशी. अंडे तेच, घडण वेगळी. टोळाच्या बाबतीत खाद्याच्या जागी दाटी काम करते एवढेच.

या शोधाचे श्रेय एकट्या उवारोव्ह यांचे नाही, हेही सांगायला हवे. ताश्कंदमध्ये वासिली प्लोत्निकोव्ह हे कीटकशास्त्रज्ञ टोळ पिंजऱ्यात वाढवून याच निष्कर्षाला स्वतंत्रपणे आले होते. दाट ठेवले की एक रूप, विरळ ठेवले की दुसरे. ते सोव्हिएत तुर्कस्तानात काम करत राहिले आणि त्यांचे नाव बाहेर फारसे झाले नाही. १९२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत फोर यांनी तिथल्या तपकिरी टोळात हाच बदल दाखवला. मग सुदानमध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी आपल्या वाळवंटी टोळातही तो ओळखला. दशक संपेपर्यंत शंका घेणारे कमी झाले.

वाळवंटी टोळाचे हे रूपांतर आपण नीट समजून घेऊ. एकट्या अवस्थेतील पिल्ले हिरवी किंवा मातकट, आजूबाजूच्या झुडपात मिसळून जाणारी असतात. प्रौढ टोळ करडा-मातकट असतो आणि उडतो तो रात्री. चांगला पाऊस झाला की वाळूत ओल टिकते, मादी १० ते १५ सेंमी खोल अंड्यांचा पुंजका घालते, पिल्लांना हिरवा चारा मिळतो आणि संख्या वाढते. इथवर धोका नाही. पुढे जमीन सुकू लागते, हिरवळ तुकड्यातुकड्यांत उरते आणि सगळे टोळ त्या तुकड्यांवर एकवटतात. पाय पायाला घासू लागतात. मागच्या पायाच्या मांडीला सतत होणारा स्पर्शही हा बदल सुरू करायला पुरतो, हे उवारोव्ह यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी प्रयोगांतून दिसले. एरवी एकमेकांना टाळणारे टोळ काही तासांतच एकमेकांकडे ओढले जातात. रंग आणि ठेवण बदलायला अधिक वेळ लागतो. दाटीत राहिलेल्या मादीच्या पिल्लांमध्ये हा कल अंड्यातूनच उतरतो. मग पिवळी-काळी पिल्ले दिवसाढवळ्या फौजेसारखी चालू लागतात. पंख फुटल्यावर टोळ आधी गुलाबी असतो, अंडी घालायच्या वयात पिवळाधमक होतो. विदर्भात आलेले थवे गुलाबी होते, म्हणजे अजून वयात न आलेले. म्हणूनच त्यांनी तिथे अंडी घातली नाहीत.

एक चौरस किलोमीटरचा थवा म्हणजे ४ ते ८ कोटी टोळ. एका दिवसात ते सुमारे ३५,००० माणसांच्या जेवणाएवढे खातात, आणि वारा असेल तिकडे दिवसाला १५० किमीपर्यंत जातात. हे आकडे पाहिले की उवारोव्ह यांनी पुढचे सगळे आयुष्य कशासाठी घालवले ते कळते. थवा शेतावर उतरल्यावर केलेली लढाई बहुतांशी हरलेलीच असते. दाटी जिथे पहिल्यांदा होते ती जागा शोधून तिथेच टोळ मारले, तर थवा तयारच होणार नाही. हा त्यांच्या सिद्धांतातून निघालेला सरळ हिशेब होता.

तो तपासायची वेळ लवकरच आली. १९२० चे दशक संपता संपता आफ्रिका आणि आशियात एकाच वेळी तीन जातींच्या टोळांनी थैमान घातले. वाळवंटी टोळ, आफ्रिकी स्थलांतरी टोळ आणि लाल टोळ. १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने टोळांच्या संशोधनाचे काम हाती घेतले आणि त्याची सूत्रे उवारोव्ह यांच्याकडे दिली. कर्मचारी थोडे, जागा तोकडी. झीना वालॉफ यांच्यासारख्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी एक साधे पण चिकाटीचे काम सुरू केले. देशोदेशींहून येणारी टोळांची प्रत्येक बातमी नोंदवायची आणि नकाशावर मांडायची. कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या रंगाचे, कोणत्या दिशेने. महिन्यामागून महिने हे नकाशे एकावर एक ठेवल्यावर थव्यांच्या वाटा दिसू लागल्या. १९३१ ते १९३८ या काळात रोम, पॅरिस, लंडन, कैरो आणि ब्रुसेल्स अशा पाच आंतरराष्ट्रीय परिषदा झाल्या. एकमेकांशी सख्य नसलेली सरकारेही टोळांची माहिती द्यायला तयार झाली.

आफ्रिकी स्थलांतरी टोळाची दाटी सुरू होते ती नायजर नदीच्या मधल्या पूरमैदानात, आजच्या माली देशात, हे या शोधमोहिमांतून कळले. लाल टोळाचे मूळ टांगानिकातल्या रुक्वा खोऱ्यात आणि त्याच्या आसपासच्या मोजक्या दलदलींत सापडले. या जागांवर कायमची पथके बसवण्यात आली. लाल टोळासाठीची आंतरराष्ट्रीय सेवा १९४९ मध्ये उभी राहिली. १९३० ते १९४४ अशी चौदा वर्षे आफ्रिकेचा दक्षिण भाग खाऊन टाकणाऱ्या या टोळाची तेवढी मोठी धाड पुन्हा झालेली नाही. पीक संरक्षणाच्या इतिहासात इतके स्वच्छ यश फार कमी आहे, असे माझे मत.

वाळवंटी टोळाने मात्र उवारोव्ह यांना दाद दिली नाही. त्याची दाटी ठरावीक जागी होतच नाही. पाऊस जिथे पडेल तिथे तो वाढतो, आणि त्याचे नेहमीचे राहण्याचे क्षेत्रच मॉरिटानियापासून राजस्थानपर्यंत सुमारे १.६ कोटी चौरस किलोमीटर आहे. एवढ्या वाळवंटात पथके बसवणार तरी कुठे? या टोळाला कुलूप लावता येईल असे एकच दार नाही, हे मान्य करून त्यांनी पहारा आणि अंदाज यांवर भर दिला.

या कामात भारताचा वाटा मोठा आहे. १९३० च्या दशकात वाय. रामचंद्र राव यांनी बलुचिस्तानच्या किनाऱ्यावर पसनी इथे आणि राजस्थानच्या वाळवंटात वर्षानुवर्षे एकट्या टोळांची गणती केली. हिवाळ्या-वसंतात इराण-बलुचिस्तानकडे वाढणारे टोळ पावसाळ्याच्या तोंडावर राजस्थानकडे येतात आणि पावसाळा सरला की परत जातात, हे ऋतुचक्र त्यांनी मांडले. १९३९ मध्ये भारतात टोळ इशारा संघटना स्थापन झाली. आज ती फरिदाबादच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाखाली चालते आणि तिचे मैदानी काम जोधपूरहून होते.

महाराष्ट्राशीही उवारोव्ह यांचा एक छोटा धागा आहे. १९०१ ते १९०८ या काळात जुन्या मुंबई इलाख्यात ज्या टोळाने धुमाकूळ घातला त्याला आजही मुंबई टोळ म्हणतात. त्याचा समावेश ज्या प्रजातीत होतो तिला पतंगा हे नाव १९२३ मध्ये उवारोव्ह यांनी दिले. नाव आपल्या कानाला परके वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात वाळवंटी टोळ पुन्हा उठला. मध्यपूर्वेत सैन्य होते, धान्य अपुरे होते आणि जहाजांना जागा नव्हती. अशा वेळी टोळांनी पीक खाल्ले असते तर दुष्काळ अटळ होता. उवारोव्ह यांच्या सल्ल्याने अरबस्तानात मोहिमा निघाल्या. कोंड्यात विष कालवून ते आमिष पिल्लांच्या वाटेवर टाकले जाई. इराणमध्ये तर ब्रिटिश, सोव्हिएत आणि भारतीय पथके एकाच शत्रूविरुद्ध कामाला होती. ज्या देशातून उवारोव्ह निघून आले होते, त्याच देशाच्या पथकांबरोबर ही आखणी चालली होती.

युद्ध संपताना या टोळविरोधी पथकाने अरबस्तानातील रुब अल खाली या निर्मनुष्य वाळवंटात टोळांच्या पैदाशीच्या जागा आहेत का, हे पाहण्यासाठी विल्फ्रेड थेसिजर या प्रवाशाला पाठवले. उंटावरून, बदूंच्या सोबतीने त्याने ते वाळवंट पालथे घातले. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण २०२० ची गोष्ट तिथूनच सुरू होते. २०१८ मध्ये मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरमध्ये लुबान अशी दोन चक्रीवादळे अरबस्तानावर आदळली. रुब अल खालीतल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये पाण्याची तळी साचली. टोळांच्या तीन पिढ्या तिथे वाढल्या आणि कुणाच्या लक्षातच आले नाही, कारण तिथे पाहायला कुणी नव्हते. तिथून थवे एकीकडे येमेन व पूर्व आफ्रिकेत आणि दुसरीकडे इराण, पाकिस्तान, राजस्थान असे पसरले. मोर्शीच्या संत्र्यावर बसलेला गुलाबी टोळ त्या वंशावळीतला होता. त्याला रोखायची खरी वेळ दीड वर्ष आधी आणि दोन-अडीच हजार किलोमीटर दूर येऊन गेली होती.

१९४५ मध्ये उवारोव्ह यांचे कार्यालय अँटी-लोकस्ट रिसर्च सेंटर या नावाने स्वतंत्र संस्था झाले आणि १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिचे संचालक होते. याच संस्थेतल्या रेनी यांनी थवे वाऱ्याबरोबर पावसाच्या पट्ट्याकडे कसे ओढले जातात ते दाखवले. त्यामुळे हवामानाचा नकाशा टोळांच्या अंदाजासाठी वापरता येऊ लागला. १९५० मध्ये उवारोव्ह रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९६१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

याच काळात आलेल्या बीएचसी, डिल्ड्रिन यांसारख्या औषधांनी टोळ नियंत्रण सोपे केले, हे खरे. डिल्ड्रिनचे पट्टे वाळवंटात मारून ठेवले की पिल्लांच्या फौजा ते ओलांडताना मरत आणि औषध आठवडेच्या आठवडे टिके. हाच त्याचा मोठा दोषही होता. अन्नसाखळीत साठत जाणारी ही औषधे पुढे बंद करावी लागली. त्या पिढीने औषधावर फार विसंबून काम केले, असे माझ्यासारख्याला आज वाटते. मात्र खुद्द उवारोव्ह औषधापाशी थांबले नव्हते. जंगलतोड, अति चराई आणि पडीक टाकलेली जमीन यांमुळे टोळ-नाकतोड्यांना अंडी घालायला उघडी जागा आणि खायला विरळ गवत एकत्र मिळते, असे ते १९५० च्या दशकात लिहीत होते. आपल्या माळरानांवर आणि गायरानांवर फिरताना मला ते अनेकदा पटले आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी आयुष्यभराची माहिती एका ग्रंथात बांधायला घेतली. १९२८ मध्ये त्यांनी टोळांवर लिहिलेला ग्रंथ जगभर वापरात होता, पण तो जुना झाला होता. नव्या ग्रंथाचा पहिला खंड १९६६ मध्ये आला. दुसऱ्याचे काम चालू असतानाच १८ मार्च १९७० रोजी त्यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी तो खंड पूर्ण करून १९७७ मध्ये छापला. पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, लंडनमध्ये चालणारे टोळांची माहिती गोळा करण्याचे काम संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने रोममध्ये आपल्याकडे घेतले. आज तिथूनच दर महिन्याला जगाचा टोळ-अंदाज निघतो.

आता जोधपूर, बिकानेर, जैसलमेरकडची सर्वेक्षण पथके दरवर्षी पावसाळ्याच्या आसपास वाळवंटात फिरतात. झुडपांमधून चालत एकेक टोळ मोजतात, जमिनीची ओल किती खोल आहे ते पाहतात आणि नोंदपत्रकात टोळांची संख्या, वय, रंग लिहितात. त्या पत्रकात टोळ एकट्या अवस्थेतला, मधल्या अवस्थेतला की थव्याच्या अवस्थेतला, यासाठीही जागा असते. तुमच्या शेतात कधी गुलाबी किंवा पिवळे टोळ घोळक्याने दिसले, तर गावच्या कृषी सहायकाला कळवताना रंग, अंदाजे संख्या, कोणत्या दिशेने आले आणि संध्याकाळी कुठे बसले एवढे जरूर सांगा. नकाशावर मांडायला पथकांना तेच लागते.